जागेपणी केलेली कॉस्मेटिक शस्त्रक्रिया: बधिर कसं करतात, गुंगी किती द्यायची

फाटलेली कानाची पाळी शिवणं, वरच्या पापणीची लोंबणारी कातडी काढणं, चेहऱ्यावरचा तीळ किंवा कपाळावरची चरबीची गाठ काढणं, केसांचं रोपण, हनुवटीखालची थोडी चरबी ओढून घेणं. ही सगळी सकाळी येऊन दुपारी घरी जाण्याची कामं. यातल्या बहुतेकांत दुखणं थांबवतं ते त्या जागी टोचलेलं औषध. शिरेतून दिलेली गुंगी भीती कमी करते आणि वेळ कसा गेला ते कळू देत नाही, पण कापलेली जागा ती बधिर करत नाही. हा फरक विसरला की गाडी रुळावरून घसरते. जागा नीट बधिर झालेली नसते, पेशंट हलतो, मग 'अजून थोडी गुंगी द्या' असं होतं, तो हलायचा थांबतो आणि श्वासही मंदावतो. माझं ठाम मत आहे की छोट्या ऑपरेशनातली भूल जागेवरच्या इंजेक्शनाने जिंकायची किंवा हरायची असते. म्हणून आधी त्याबद्दल, सविस्तर.

लिग्नोकेनचा हिशेब

आपल्याकडे झायलोकेन म्हणून ओळखलं जातं ते औषध म्हणजे लिग्नोकेन. 2 टक्के म्हणजे 1 मिलीत 20 मिग्रॅ, 1 टक्का म्हणजे 10 मिग्रॅ. साधं लिग्नोकेन वजनाच्या दर किलोला 4.5 मिग्रॅपर्यंत (ब्रिटिश पद्धतीत 3 वरच थांबतात), आणि ॲड्रेनलिन मिसळलेलं असेल तर 7 मिग्रॅपर्यंत. 55 किलोच्या बाईला ॲड्रेनलिनसह 385 मिग्रॅ चालतं, म्हणजे 2 टक्क्यांचं सुमारे 19 मिली. साधं असेल तर 12 मिलीलाच हात आखडायचा.

एका पाळीला 1 ते 2 मिली लागतं, एका वरच्या पापणीला साधारण तेवढंच. तिथे हिशेब चुकण्याचा प्रश्न येत नाही. चुकतो तो मोठ्या जागेवर. पण कातडी बधिर करायला 2 टक्के लागतच नाही. 1 टक्का, कित्येकदा अर्धा टक्कासुद्धा तेवढंच काम करतो. 2 टक्क्यांत तेवढंच सलाईन मिसळलं की त्याच मिग्रॅमध्ये दुप्पट जागा बधिर होते. हे इतकं सोपं असूनही बाटलीतलं 2 टक्के तसंच भरभरून टोचण्याची सवय जात नाही.

ॲड्रेनलिन रक्तवाहिन्या आकसवतं. त्यामुळे रक्त कमी येतं, औषध जागेवर जास्त वेळ टिकतं आणि अंगात हळू शिरतं. 1:200000 हे प्रमाण पुरतं. तयार बाटली नसेल आणि आपणच मिसळायचं असेल तर 1 मिग्रॅच्या अँप्यूलमधलं 0.1 मिली, 20 मिली औषधात. आता आपल्याकडची खास अडचण. हे 0.1 मिली मोजायला इन्शुलिनची सिरिंज घेतात आणि बाजारात ती दोन प्रकारची मिळते. लाल टोपणाच्या 40 युनिटच्या सिरिंजवर 0.1 मिली म्हणजे 4 युनिट, केशरी टोपणाच्या 100 युनिटच्या सिरिंजवर 10 युनिट. लाल टोपणाच्या सिरिंजने 10 युनिट ओढले तर अडीचपट ॲड्रेनलिन गेलं. मग पेशंटची छाती धडधडते, रक्तदाब वर जातो आणि कागदावर 'झायलोकेनची ॲलर्जी' असं लिहिलं जातं, ते जन्मभर चिकटतं.

खरी ॲलर्जी फार क्वचित असते. दाताच्या इंजेक्शनानंतर धडधडलं, घाम आला, चक्कर आली, हे बहुतेक वेळा ॲड्रेनलिनचं किंवा भीतीने नाडी मंदावल्याचं लक्षण असतं. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, दम लागला, असं झालं असेल तरच ती गोष्ट वेगळी, आणि तेव्हा ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून पद्धतशीर तपासणी करून घ्यावी. हातावर थेंबभर टोचून करायची 'टेस्ट' आपल्याकडे सरसकट होते. ती निर्दोष आली म्हणून औषधाचा अतिरेक टळत नाही, आणि सुईनेच आलेली लाली पाहून उगाच औषध नाकारलंही जातं. टेस्ट केली म्हणजे तयारी झाली, असं कुणीही समजू नये.

इंजेक्शन दुखतं ते का, आणि कसं कमी दुखेल

ॲड्रेनलिन टिकावं म्हणून तयार बाटलीतलं औषध आम्ल ठेवलेलं असतं. झोंबतं ते मुख्यतः त्यामुळे. 1 टक्क्याच्या 10 मिलीत 1 मिली सोडाबायकार्ब घातलं की झोंबणं बरंच कमी होतं. मिसळून लगेच वापरायचं, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही, कारण आम्लता गेली की ॲड्रेनलिन मरतं. बुपिव्हाकेनमध्ये (जास्त वेळ टिकणारं बधिर करायचं औषध) मात्र हे करू नका, साका बसतो.

बाकीचं सगळं हाताचं कसब आणि धीर. औषध फ्रिजमधून काढून थेट नको, अंगाइतकं कोमट हवं. सुई 30 गेजची, म्हणजे केसासारखी बारीक. ती तिरकी न खुपसता कातडीला काटकोनात टोचायची आणि त्याच वेळी शेजारची कातडी चिमटीत धरून हलवत राहायची. पहिले दोन-तीन थेंब सोडायचे आणि थांबायचं. 'झोंबणं गेलं का?' असं विचारायचं. हो म्हटल्यावर पुढे. औषधाचा फुगवटा नेहमी सुईच्या पुढे चालला पाहिजे, सुई त्याच्या मागून. दुसरा टोचा आधीच्या बधिर कडेतून. अशा रीतीने केलं तर पूर्ण पापणी बधिर करताना पेशंटला एकच टोचल्यासारखं वाटतं. घाईने 5 मिली भसकन दाबलं तर तोच पेशंट टेबलावरून उठून बसतो आणि मग गुंगीची मागणी सुरू होते.

टोचल्यावर थांबणं हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग. संवेदना काही मिनिटांत जाते, पण ॲड्रेनलिनचा पूर्ण परिणाम यायला वीस-पंचवीस मिनिटं लागू शकतात. कातडी पांढरी पडेपर्यंत तरी चाकू लावू नये. टोचून ठेवायचं, मग हात धुवायला जायचं, हा क्रम सोयीचा.

ओठाजवळ किंवा गालावर काम असेल तर जागेवर टोचून आकार बिघडतो, शिवताना कड जुळत नाही. तिथे नस बधिर करतात. डोळ्याखालच्या खळग्यातून येणाऱ्या नसेसाठी तोंडाच्या आतून, हिरडीवर आधी जेल लावून, 1 ते 1.5 मिली पुरतं. नसेजवळ रक्तवाहिनीही असते, म्हणून दाबण्याआधी सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहायचं.

पिकलेल्या गाठीत औषध चालत नाही, कारण पुवाची जागा आम्ल असते. तिथे पुन्हा पुन्हा टोचून डोस वाढवत बसू नये. बाहेरच्या निरोगी कातडीत गोल कडं करून टोचावं किंवा कॉस्मेटिक काम पुढे ढकलून आधी पू काढावा.

मलम: निरुपद्रवी वाटतं, तसं नसतं

लेसर, डर्मारोलर, बारीक चामखीळ यांसाठी लिग्नोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी अडीच टक्के असलेलं मलम लावतात. ते चोळायचं नसतं, जाड थर देऊन वर प्लास्टिकची पट्टी लावायची आणि निदान एक तास ठेवायचं. तासाभरात सुमारे 3 मिमी खोल बधिर होतं, दोन तासांत 5 मिमी. 10 चौरस सेंटीमीटरला 1 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅमची ट्यूब तळहाताच्या अर्ध्याहून थोड्या जास्त जागेलाच पुरते. तान्ह्या बाळांत प्रिलोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊ शकते.

मोठ्या भागावर कडक मलम लावून वर प्लास्टिक गुंडाळणं धोक्याचं आहे. अमेरिकेत लेसरने पायावरचे केस काढण्याआधी दोन तरुण मुलींनी दुकानात बनवून दिलेलं जास्त ताकदीचं मलम दोन्ही पायांना लावून प्लास्टिक गुंडाळलं, त्यांना आकडी आली, त्या बेशुद्ध पडल्या आणि दगावल्या. तिथल्या औषध प्रशासनाने 2007 मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला. पार्लरमध्ये लेबल नसलेल्या डबीतून मलम काढून पूर्ण पायाला लावत असतील तर उठून यावं.

चरबी काढताना आणि केस लावताना

कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी 1987 मध्ये एक पद्धत मांडली. एक लिटर सलाईनमध्ये 500 ते 1000 मिग्रॅ लिग्नोकेन, 0.5 ते 1 मिग्रॅ ॲड्रेनलिन आणि सोडाबायकार्ब घालून ते पातळ द्रावण चरबीत भरायचं. चरबीला रक्तपुरवठा कमी, औषध अतिशय पातळ, ॲड्रेनलिनमुळे शोषण संथ, म्हणून इथे किलोला 35 मिग्रॅपर्यंत डोस चालतो. 60 किलोच्या माणसाला 2100 मिग्रॅ, नेहमीच्या मर्यादेच्या पाचपट. हा आकडा फक्त चरबीतल्या पातळ द्रावणाचा. तो चेहऱ्याला किंवा टाळूला लावू नका.

या पद्धतीत रक्तातलं लिग्नोकेन सर्वांत जास्त होतं ते सुमारे बारा तासांनी. सकाळी दहाला द्रावण भरलं तर धोक्याची वेळ रात्री, पेशंट घरी झोपलेला असताना. लिग्नोकेन यकृतात फुटतं. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल, फ्लुव्होक्झामिन यांसारखी औषधं ते फुटणं मंदावू शकतात. आपल्याकडे गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल महिनोन्महिने घेणारे लोक आहेत आणि त्यांना ते 'औषध' वाटतच नाही, 'खाजेची गोळी' वाटते. विचारताना नावानिशी विचारायला हवं. गुंगीसाठीच्या मिडाझोलामचा परिणामही इट्राकोनॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन बरेच लांबवतात.

केसांच्या रोपणात वेगळा सापळा आहे. काम सहा-आठ तासांचं. 70 किलोच्या माणसाची मर्यादा ॲड्रेनलिनसह 490 मिग्रॅ. सकाळी मागच्या बाजूला 2 टक्क्यांचं 10 मिली, जेवणानंतर पुढच्या बाजूला 10 मिली, 400 मिग्रॅ झाले. दुपारी 'थोडं दुखतंय' म्हणून आणखी 5 मिली, 500 झाले. सकाळचं काही औषध तोवर उतरलेलं असतं हे खरं, पण किती ते कुणी मोजलेलं नसतं. त्यात जास्त वेळ टिकावं म्हणून बुपिव्हाकेन मिसळलेलं असेल (त्याची मर्यादा किलोला साधारण 2 मिग्रॅ) तर दोन्हींचं विष एकमेकांत जमा होतं. हिशेब असा धरायचा: लिग्नोकेन अर्ध्या मर्यादेपर्यंत गेलं असेल तर बुपिव्हाकेनही अर्ध्यावरच थांबवायचं. भिंतीवर फळा लावून प्रत्येक टोचणीचे मिली, मिग्रॅ आणि वेळ लिहिणं हा एवढा साधा उपाय आहे, आणि तो लावलेला दिसला तर त्या जागेबद्दल माझा विश्वास वाढतो. हे काम कुणी करावं याबद्दल राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये सूचना काढल्या आहेत. तंत्रज्ञाच्या हाती पूर्ण दिवस सोपवणं त्यांत बसत नाही.

औषध रक्तात जास्त झाल्याची पहिली लक्षणं पेशंटच सांगतो: ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात आवाज, जीभ जड. मग बडबड, थरथर, आकडी, आणि शेवटी हृदयाची गडबड. बुपिव्हाकेन कधी कधी आधीच्या खुणा न दाखवता थेट हृदयावर येतं. खूप गुंगीतला पेशंट 'तोंडात विचित्र चव येतेय' असं सांगूच शकत नाही. तो इशारा आपणच पुसून टाकलेला असतो.

उपाय: टोचणं बंद, श्वासनलिका मोकळी, प्राणवायू, आकडी आली तर मिडाझोलाम, आणि 20 टक्क्यांचं लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं चरबीचं दुधाळ द्रावण) किलोला 1.5 मिली दोन-तीन मिनिटांत, पुढे मिनिटाला किलोमागे 0.25 मिली. माणसात याचा पहिला यशस्वी वापर 2006 मध्ये नोंदवला गेला. शस्त्रक्रियेच्या खोलीत ही बाटली हवी, शेजारच्या मेडिकलमध्ये असून चालत नाही.

गुंगी

हलक्या गुंगीत माणूस बोलतो, मध्यम गुंगीत हाक मारल्यावर उत्तर देतो, खोल गुंगीत दुखावल्यावरच हलतो, त्यापुढे पूर्ण भूल. या चार पायऱ्यांमध्ये कठडे नाहीत, त्याच डोसमध्ये एखादा दोन पायऱ्या खाली घसरतो. म्हणून जो कापतो त्याने गुंगी सांभाळू नये. मध्यम गुंगीसाठी त्या कामापुरता वेगळा प्रशिक्षित माणूस हवा आणि प्रोपोफॉल (झटकन खोल गुंगीत नेणारं औषध) असेल तर भूलतज्ज्ञच.

मिडाझोलाम 1 मिग्रॅ द्यायचं आणि तीन मिनिटं थांबायचं. साठीच्या पुढे अर्धा मिग्रॅपासून सुरुवात. घाईने मिनिटामिनिटाला 1-1 देत गेलं की पाच मिनिटांनी सगळे एकदम चढतात. अँप्यूलवरचा आकडाही वाचा: 1 मिलीत 1 मिग्रॅचं मिळतं तसं 1 मिलीत 5 मिग्रॅचंही मिळतं. सिरिंजवर नाव आणि ताकद लिहिलेली पट्टी नसेल तर ती सिरिंज टाकून द्यावी. सोबत फेंटॅनिल (अफूच्या जातीचं वेदनाशामक) द्यायचं तर 25 ते 50 मायक्रोग्रॅम, आणि ते टोचायच्या आधी, सुईच्या झोंबण्यासाठी. दोन्ही मिळून श्वास मंदावण्याचा धोका बेरजेपेक्षा जास्त वाढतो.

गुंगीतला पेशंट अस्वस्थ झाला की पहिला प्रश्न 'प्राणवायू कमी पडतोय का?' हा असावा. दुसरा 'दुखतंय का?' तिसरा 'लघवी लागली का, कंबर अवघडली का?' मिडाझोलाम काहींना उलटं चढतं, ते बडबडतात, हातपाय झाडतात. तिथे आणखी मिडाझोलाम म्हणजे आगीत तेल.

बोटाच्या क्लिपवरचा आकडा श्वासाची खबर उशिरा देतो. नाकातून प्राणवायू चालू असेल तर श्वास थांबल्यावरही 98 काही मिनिटं दिसत राहू शकतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र ती खबर लगेच देतं. चेहऱ्याच्या कामात डोकं कपड्याखाली झाकलेलं असतं, छातीचा भाता दिसत नाही, त्यामुळे तिथे ते हवंच. त्याच कपड्याखाली साठलेला प्राणवायू आणि कॉटरीची (जाळून रक्त थांबवणाऱ्या विजेच्या उपकरणाची) ठिणगी एकत्र आली तर चेहऱ्यावर आग लागते. गरज नसेल तर प्राणवायू देऊ नये, दिला असेल तर कॉटरीच्या आधी निदान मिनिटभर बंद करावा, कपडा तंबूसारखा उघडा ठेवावा, आणि स्पिरिट असलेलं जंतुनाशक पूर्ण वाळू द्यावं.

फ्लुमाझेनिल (मिडाझोलामवर) आणि नॅलोक्सोन (फेंटॅनिलवर) हे उतारे जवळ हवेत. फ्लुमाझेनिलचा परिणाम तासाभरात उतरतो, मिडाझोलाम मागे उरतं आणि माणूस पुन्हा झोपतो. उतारा दिलेल्या पेशंटला निदान दोन तास नजरेखाली ठेवावं.

आदल्या दिवसापासून

नुसतं जागेवरचं इंजेक्शन असेल तर उपाशी राहायची गरज नाही. उलट हलकं खाऊन आलेल्या पेशंटला चक्कर येण्याची शक्यता कमी असते. गुंगी ठरली असेल तर हलकं खाणं सहा तास आधी, तळलेलं-तेलकट आठ तास आधी, पाणी किंवा बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा आणि ताक सहा तासांत मोडतात. चतुर्थी आहे म्हणून सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन 'मी उपाशीच आहे' असं सांगणारे भेटतात. तूप-शेंगदाण्याची खिचडी आठ तासांत धरा. तंबाखू, सुपारीचा तोबरा तोंडात नको.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा: घोरता का आणि झोपेत श्वास अडतो का, वजनासाठी आठवड्याचं सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड घेता का (पोट उशिरा रिकामं होतं), धडधडीसाठी किंवा अर्धशिशीसाठी प्रोप्रानोलॉल चालू आहे का (ॲड्रेनलिनबरोबर रक्तदाब उसळू शकतो). ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांनी सुरू केली त्यांना विचारा.

घरी

गुंगी मिळालेल्याने चोवीस तास स्कूटर-गाडी चालवायची नाही, कागदांवर सह्या करायच्या नाहीत, आणि एकट्याने रिक्षात बसून जायचं नाही. सोबत मोठं माणूस हवं आणि त्याने रात्री त्याच घरात राहायला हवं.

बधिरपणा एक ते तीन तासांत उतरतो. पहिली गोळी त्याच्या आधी घ्यायची, दुखायला लागल्यावर नाही. पॅरासिटॅमॉल 500 च्या दोन, दर सहा तासांनी, दिवसाला एकूण 4 ग्रॅमच्या आत. पन्नास किलोच्या खालच्यांनी, यकृताचा त्रास असलेल्यांनी आणि रोज दारू घेणाऱ्यांनी त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून. घोळ होतो तो मिश्र गोळ्यांमुळे. चिठ्ठीतली ॲसिक्लोफेनॅकची गोळी, घरातली तापाची 650 आणि सर्दीची गोळी, तिघांतही पॅरासिटॅमॉल असू शकतं. मागचं बारीक अक्षर वाचा. ट्रॅमाडोल एवढ्या कामासाठी सहसा लागत नाही, आणि नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत ते धोकादायक ठरतं. पहिले दोन दिवस उशा उंच, आणि जागा थंड ठेवायला कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटं. भाग अजून बधिर असेल तर बर्फ थेट कातडीवर ठेवू नका, भाजल्यासारखी इजा होते आणि कळत नाही.

दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. एकाच बाजूला अचानक वाढलेलं, ठणकणारं, गोळीने न थांबणारं दुखणं म्हणजे आत रक्त साठतंय असं आधी समजावं. पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर एक डोळा दुखून बाहेर आल्यासारखा वाटला, पापणी टणक झाली, अंधुक किंवा दोन-दोन दिसायला लागलं, तर आणखी एक गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. डोळ्यामागचा दाब नजर घालवू शकतो आणि त्यावर उपाय म्हणजे टाके उघडून रक्ताला वाट करून देणं, तेही एक-दोन तासांच्या आत. म्हणून घरी निघतानाच रात्री उचलला जाणारा फोन नंबर कागदावर घ्या, आणि तो लागतो का ते तिथेच उभं राहून बघा.